प्रकल्प नोंदी: १९६६चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब आणि त्याचं सुटलेलं रेक्झिन

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मडगावहून गिटारचा अ‍ॅम्प आला. गोधडीत गुंडाळलेला, टेम्पोच्या हौद्यात भाताच्या पोत्यांमध्ये. काळ्या पॅनेलचा, फेंडर या अमेरिकन कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब, बारा इंची एक स्पीकर, २२ वॉट. मालक अंकल सत्तरी ओलांडलेले. बोटीवरच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे, तेव्हा अमेरिकेतल्या एका बंदरात सेकंडहँड घेतला होता. अलीकडे बरीच वर्षं तो घराच्या मागच्या खोलीत जमिनीवर पडून. आमच्याकडे कोकणात काय किंवा गोव्यात काय, लाकडी वस्तू मागच्या खोलीत जमिनीवर ठेवली की पुढचं वेगळं सांगावं लागत नाही.

मुलगा सोबत आला होता. त्याचं म्हणणं, "सगळं सोलून काढा, अमेरिकेतून नवीन रोल मागवू, एकदम शोरूमसारखा करा." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. आधी पेटी उघडू दे.

वरवर पाहून: माथा शाबूत. सिगारेटचे दोन चटके, ग्लासांची पांढुरकी वर्तुळं, बाकी काही नाही. डावी बाजू मागच्या कडेला सुटलेली, कड बाहेर वळून ताठ झालेली. उजव्या बाजूला खाली, मागच्या कोपऱ्यात खरी गंमत. रेक्झिन वरून धड दिसतंय, पण बोट ठेवलं तर पापडासारखं कुर्र करून आत गेलं. मागचं कापड नाही, त्यामागचं लाकूड नाही. वाळवी.

८ ऑक्टोबर

पूर्ण खोललं. क्रम नेहमीचाच: मागच्या दोन फळ्या, स्पीकरची वायर, रिव्हर्बच्या दोन आरसीए केबल, मग माथ्यावरच्या दोन चकचकीत पट्ट्यांमधले चार स्क्रू काढून चॅसिस, म्हणजे सर्किट बसवलेली धातूची चौकट, खालून हातावर घ्यायची. त्याआधी वीज साठवून ठेवणारे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले. प्लग महिनोन्‌महिने काढलेला असला तरी हे करायचंच. या सर्किटमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि माझं काम पेटीचं असलं तरी हात माझेच आहेत.

चॅसिस, नऊ व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या), रिव्हर्बची म्हणजे घुमारा देणारी स्प्रिंगची टाकी, स्पीकर, सगळं कपड्यात गुंडाळून कपाटात. इलेक्ट्रॉनिक्सला मी हात लावणार नाही, ते कुडाळच्या मित्राकडे जाईल.

आतल्या बाजूला चिकटवलेला व्हॉल्व्हचा कागदी तक्ता जवळजवळ पूर्ण आहे. त्यावर रबरी शिक्का: पी डी. फेंडरच्या या शिक्क्यांत पहिलं अक्षर सालाचं, १९५१ला ए धरून मोजायचं, दुसरं महिन्याचं. म्हणजे एप्रिल १९६६. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६ ने सुरू होणारा आकडा, स्पीकरवर ४६५-६. ६०६ म्हणजे शूमाखर कंपनी, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, पुढचा ६ सालाचा, दोन्ही १९६६चेच. सगळं एका घरातलं, कुणी काही बदललेलं नाही. म्हणजे ही पेटी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला तयार झाली, सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतर सव्वा वर्षाने.

तक्त्याला पातळ प्लास्टिक लावून कडेने टेप मारली. ओलं काम सुरू झालं की पहिला बळी कागदाचा जातो.

९ ऑक्टोबर

आज फक्त गोंद पाहिला. इथे थोडा वेळ घालवला नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

डाव्या सुटलेल्या कडेच्या आतून पात्याने खरवडलं. तपकिरी, ठिसूळ खपल्या निघाल्या. बशीत कोमट पाण्यात टाकल्या. थोड्या वेळाने फुगल्या, मऊ झाल्या, दोन बोटांत धरून उघडल्यावर तार सुटली. आणि वास. जुन्या सुताराच्या किंवा बाइंडरच्या दुकानात ज्याने वेळ काढलाय त्याला हा वास सांगावा लागत नाही. सरस आहे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद.

इथेच सगळा उलगडा होतो. सरस सुका असेल तर दगडासारखा धरतो, ओल लागली की सोडतो. वरून रेक्झिनमधून पाणी शिरत नाही, कारण व्हिनाइल आहे. पण कापलेल्या कडेला कापडाचा दोरा उघडा असतो. तो वातीचं काम करतो आणि हवेतली ओल आत ओढतो. आत गेलेली ओल मात्र वरून उडून जाऊ शकत नाही, व्हिनाइल तिला कोंडून ठेवतं. म्हणून माथ्याचा मधला भाग अठ्ठावन्न वर्षांनंतरही घट्ट, आणि मागच्या कडा, तळ, पायांजवळचा भाग सुटलेला. जिथे ओल तिथे बुरशी, आणि मऊ लाकूड, सुती कापड व सरस एकत्र मिळाल्यावर वाळवीला आणखी काय हवं.

म्हणजे दुखणं कडांचं आहे. पृष्ठभागाचं नाही. सगळं सोलून नवं चढवलं आणि कडा तशाच उघड्या ठेवल्या तर दहा पावसाळ्यांत नवं रेक्झिनही याच वाटेने जाईल.

१२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा झाल्यावर अंकलना फोन केला. त्यांना दोन रस्ते सांगितले. एक मुलाचा: सगळं नवं. दिसायला सुरेख, पण मूळ रेक्झिन एकदा सोललं की परत येत नाही, आणि असल्या अ‍ॅम्पची किंमत करणारे लोक आधी तेच बघतात. दुसरा माझा: सुटलेलं परत चिकटवायचं, सडलेलं तेवढंच बदलायचं, माथा आहे तसा.

पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "बाब, म्हाका नवें नाका. नवें जाय जाल्यार दुकान आसा." (मला नवं नको, नवं हवं असेल तर दुकान आहे.) आणि मग, जरा थांबून, मराठीत, "तो सिगारेटचा डाग पुसू नको हां, तो माझा नाही, पण असू दे."

ठरलं. मुलाचं मी नंतर बघेन.

एक अडचण आहे. उजव्या बाजूला साधारण पाच बाय सात इंचांचा तुकडा लागणार आणि तो डोळ्यासमोरचा. फेंडरच्या काळ्या टॉलेक्सचा (या रेक्झिनचं तिकडचं नाव) दाणा, म्हणजे वरची उठावाची नक्षी, खडबडीत, वेडावाकडा. आज जो रोल मिळतो त्याचा दाणा जवळ जातो, पण जुन्याशेजारी लावला तर दाण्याची उंची आणि चमक दोन्ही वेगळी दिसतात. लांबून चालतं, जवळून ठिगळ ते ठिगळच.

जुळणारा तुकडा जगात एकाच ठिकाणी खात्रीने आहे: याच पेटीच्या तळाला. तळ कुणी बघत नाही. तळाचं मूळ रेक्झिन काढून बाजूला लावायचं, आणि तळाला दुसरं काळं रेक्झिन. मागच्या पट्टीत वाळवीने कापड खाल्लंय, पण पुढचा अर्धा भाग चांगला वाटतो.

१५ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. दुपारी चारला दिवा लावावा लागला. कारखान्यातला आर्द्रतेचा काटा ८९ दाखवतोय. अशा हवेत रबरी गोंदाला हातही लावायचा नाही. त्यातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते, गोंद पांढुरका दिसायला लागतो आणि मग दोन बाजू दाबल्या तरी त्यांच्यात पाण्याचा पडदा राहतो. त्या दिवशी धरल्यासारखं वाटतं, चैत्रात सुटतं.

म्हणून आज नुसती माहिती टिपून ठेवतो, मुलगा विचारेल तेव्हा उपयोगी पडेल. फेंडरच्या पेट्यांवर १९५०च्या दशकात ट्वीड म्हणून ओळखलं जाणारं सुती कापड असायचं, वरून लॅकर मारलेलं. दिसायला देखणं, पण दारू सांडली की डाग आणि कोपऱ्याला घासलं की धागे. १९६०पासून व्हिनाइल आलं, आधी तपकिरी आणि फिकट क्रीम, मग १९६३च्या सुमारास काळं. या पेटीतल्या सर्किटचं नाव एबी७६३ आहे, त्यातले शेवटचे तीन आकडे म्हणजे जुलै १९६३. तिकडे इंग्लंडात डार्टफर्डला व्हॉक्स आणि लंडनला मार्शल यांच्याही पेट्या व्हिनाइलच्याच, प्रत्येकाचा दाणा वेगळा. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते मूळचं मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं नाव. पूर्वीचं रेक्झिन नायट्रोसेल्युलोजचं होतं, आताचं बहुतेक पीव्हीसीचं, म्हणजे व्हिनाइलचं.

पीव्हीसी स्वतः कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं. म्हणून जुनं रेक्झिन आखडतं. डाव्या बाजूची कड आज मूळ जागेपासून तीनेक मिलिमीटर मागे आहे. ती ओढून जागेवर आणायची नाही. ओढली तर आज बसेल आणि नंतर दुसरीकडे फाटेल.

१९ ऑक्टोबर

पाऊस थांबला. मेस्त्री आले. पेटी उलटी करून त्यांनी करंगळीच्या नखाने लाकूड टोकरलं आणि म्हणाले, "ह्या लाकूड वाळवेक गोड लागता." पाइन आहे, पाऊण इंच जाड, कोपऱ्यांना बोटं गुंतवलेले सांधे. त्यांनी अशी पेटी पूर्वी पाहिलेली नाही, पण सांधा बघून मान डोलावली.

तळाच्या फळीची मागची चार इंची पट्टी आणि उजव्या बाजूचा खालचा कोपरा गेलाय. मेस्त्रींचा आग्रह सागवानाचा, वाळवी लागणार नाही म्हणून. मी नको म्हटलं. साग जड, आणि पाइन व साग पावसाळ्यात सारखे फुगत नाहीत. जोडाची रेघ रेक्झिनमधून वर उमटेल. मशिनरीच्या खोक्यांचं पाइन भंगारवाल्याकडे मिळतं, त्यातलं जुनं, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं एक निवडून ठेवलं होतं.

"मेस्त्रीनू, सांधो जुनो तसोच होयो."

"जुनो तसो कित्याक? जुन्यापेक्षा बरो करतंय."

केला. हाताने, करवतीने आणि पटाशीने, दुपारच्या चहापर्यंत. नवीन बोटं जुन्यांत बसवताना हातोडीची फक्त टिचकी लागली. लाकडाला लाकूड पांढऱ्या फेविकॉलने. आतल्या बाजूने सगळ्या तळाला टाकणखार आणि बोरिक पावडरचं गरम पाण्यातलं द्रावण ब्रशने लावलं. वाळवीवर हे सौम्य वाटतं, पण लाकडात मुरतं आणि वास राहत नाही. घरात, कापडाजवळ ठेवायची वस्तू आहे.

२७ ऑक्टोबर

आंबोली-आजरामार्गे कोल्हापूर. दिवाळीच्या खरेदीची गर्दी, सीटकव्हरच्या दुकानात उभं राहायला जागा नाही. तळासाठी काळं रेक्झिन घेतलं.

दुकानदार वरची बाजू दाखवतात, बघायची मागची. सोफ्याच्या आणि गाडीच्या रेक्झिनला बहुतेक वेळा विणलेलं होजिअरीचं अस्तर असतं, बनियनसारखं दोन्हीकडे ताणतं. गादीच्या गोलाईवर ते छान बसतं. पेटीच्या सपाट फळीवर मात्र हाताच्या ओढीने लहरी येतात आणि ताण सुटला की ते आत सरकतं. उभ्या-आडव्या धाग्याचं सुती अस्तर हवं. असा एकच रोल होता, जाड, दाणा बारीक. तळाला चालेल. पेटीची लांबी साडेचोवीस इंच आणि खोली साडेनऊ, वळणं धरून मीटरभरात भागतं. पूर्ण पेटी मढवायची असती तर परिघ चौऱ्याऐंशी इंच, म्हणजे सलग पट्टीला सव्वादोन मीटर लागले असते, शिवाय मागच्या फळ्या.

परत येताना चपलांच्या गल्लीतून एक रापी घेतली. चामडं कडेला पातळ करायला चांभार वापरतात ती. रेक्झिनच्या अस्तराची कड उतरवायला कटरपेक्षा दहापट बरी.

५ नोव्हेंबर

भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, हवा कोरडी. काटा ६३.

साफसफाई. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पाण्यात, मऊ टूथब्रश, गोल गोल फिरवत. प्रत्येक वितीनंतर कोरडं फडकं, पाणी कडेपर्यंत जाऊ द्यायचं नाही. पाणी चहाच्या रंगाचं निघालं: बारमधला धूर, घाम, आणि कुणीतरी कधीतरी मारलेलं पॉलिश. थिनर आणि अ‍ॅसिटोन लांब ठेवायचे, ते दाणाच वितळवतात. गाडीच्या डॅशबोर्डचं सिलिकॉनवालं चकचकीत पॉलिशही नको, त्यानंतर त्या जागी कुठलाच गोंद धरत नाही.

ग्लासांची वर्तुळं बरीच फिकी झाली. सिगारेटचे डाग आहेत तिथेच. जाळीच्या चंदेरी कापडावर नुसता ब्रश फिरवला.

९ नोव्हेंबर

सुटलेल्या कडा. आधी आतला जुना सरस काढला: कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कडेच्या आत सरकवून ठेवायचं, मऊ झाला की बोथट पट्टीने खरवडायचा. त्याच्यावर दुसरा गोंद लावणं म्हणजे सुटलेल्या पोपड्यांवर रंग देणं. मग दोन दिवस उघडं वाळू दिलं.

कुठला गोंद, यावर मतं असतात. शुद्धतावादी म्हणतील की मूळ सरस होता तर सरसच लावा, उद्या कुणाला काढायचा झाला तर निघेल. कोरड्या देशात मान्य. सावंतवाडी ते मडगाव या पट्ट्यात सरस लावणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं. रबरी कॉन्टॅक्ट गोंद लगेच पकडतो, पण जिथे टेकला तिथेच. आखडलेल्या जुन्या रेक्झिनला जरा सरकवायला वाव मिळत नाही. म्हणून सपाट भागाला पांढरा फेविकॉल, थोडा पाणी घालून, जाड सुईच्या सिरिंजने आत. लाकूड आणि सुती अस्तर दोन्ही त्याला पिऊन घेतात. कडेवरून आत वळणाऱ्या इंचभर भागाला मात्र फेविकॉल एसआर ९९८ हा रबरी गोंद, कारण तिथे रेक्झिन उलटायची ताकद धरून बसलेलं असतं.

ताठ झालेली डावी कड हेअर ड्रायरने कोमट केली. हाताला सोसेल इतकीच. मऊ झाली की तळव्याने लाकडावर बसवायची, ओढायची नाही. मागच्या बाजूला ती मूळ जागेपासून थोडी आत राहिली. तेवढी लाकडाची उघडी रेघ काळी केली, फळी बसल्यावर ती दिसत नाही. बटर पेपर, त्यावर प्लायची फळी, त्यावर क्लॅम्प. व्हिनाइलखालचं पाणी फक्त लाकडाच्या वाटेने जातं, घाई करून उपयोग नाही. चार दिवस हात लावणार नाही.

१६ नोव्हेंबर

तळाचं मूळ रेक्झिन सोललं. मागचा भाग वाळवीने जाळीदार केलेला, पुढचा अर्धा नवाच वाटावा इतका. पायांच्या स्क्रूंची भोकं वगळून मधला भाग पुरेसा आहे. अस्तरावरचा सरस धुतला आणि तुकडा टेबलावर सपाट, सैल ठेवला. इतकी वर्षं ताणात होता, कापायच्या आधी त्याला आखडायचं तेवढं आखडू दे.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज ठिगळ. सकाळचा उजेड खिडकीतून तिरपा येतो तेव्हाच हे काम करायचं, कारण दाणा सावलीतून दिसतो.

आधी दिशा. रेक्झिनवर दाणा रूळाने उमटवलेला असतो, त्याला चाल असते. तुकडा बाजूवर नुसता ठेवून आधी उभा पाहिला, मग आडवा. आडवा ठेवल्यावर जागच्या जागी वेगळा चमकला. उभा ठेवल्यावर डोळा शोधत राहिला. मागे खडूने बाण काढला.

रंगात थोडा फरक आहेच. तळाने ना ऊन पाहिलं ना धूर, तो गडद काळा. बाजू किंचित राखाडी. त्याला घासून, धूळ चोळून म्हातारा करायचे प्रकार लोक करतात. मला ते आवडत नाही. दोन पावसाळ्यांत दोन्ही सारखे होतील.

आता कापणं. सरळ पट्टी ठेवून कापलं असतं तर पाच मिनिटांचं काम, आणि सरळ रेघ खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसली असती. दाण्यात निसर्गतः सरळ रेघ नसते. म्हणून ठिगळ बाजूच्या चांगल्या रेक्झिनवर इंचभर चढवून कागदी टेपने पक्कं केलं, दोन्हींच्या खाली जुना एक्स-रे सरकवला, लाकडाला पातं लागू नये म्हणून. मग ११ नंबरचं सर्जिकल पातं, नवं कोरं. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. वरच्या तुकड्याच्या दोन उंचवट्यांमधली घळ पकडायची आणि तिच्यातून चालत राहायचं: उंचवटा आला की वळसा, पुढची घळ, परत वळसा. पातं उभं ९० अंशांत, दाब इतका की एकाच चालीत दोन्ही थर सुटले पाहिजेत. थांबायचं असेल तर वळणावर थांबायचं, सरळ भागात थांबलो तर परत सुरू करताना टोक दिसतं. सात इंचांच्या रेघेला पाऊण तास गेला. मान आखडली.

वरची उरलेली चिंधी काढली, खालची काढली, आणि दोन काठ एकमेकांना भेटले. एकाच पात्याने एकाच वेळी कापलेले असल्यामुळे एकाचं वळण दुसऱ्याच्या खाचेत जातं.

जोडाखाली मलमलीची बोटभर पट्टी, लाकडाला तेवढ्या रुंदीत आधी पॉलिश पेपर मारून किंचित उतार दिलेला, नाहीतर वर फुगवटा येतो. गोंद पांढरा. रबरी रोलर दोन्ही बाजूंनी जोडाकडे फिरवून दाबला, जोड ओलांडून कधीच नाही.

जोड भरायला पाइपचं पीव्हीसी सॉल्व्हंट सिमेंट चालेल का, हे कापून उरलेल्या चिंधीवर पाहिलं. टाचणीच्या टोकावरचा थेंब पडला तिथे दाणा सपाट आणि चकाकता झाला. बाद. शेवटी काळा अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करून अगदी बारीक कुंचल्याने रेघेत सोडला आणि वरचा लगेच पुसला.

१८ नोव्हेंबर

क्लॅम्प काढला. तिरप्या उजेडात, जागा माहीत असेल तर रेघ दिसते. मेस्त्रींना विचारलं कुठे आहे. त्यांनी दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं.

२४ नोव्हेंबर

तळ. कोल्हापूरचं रेक्झिन, सपाट भागाला पांढरा गोंद, वळणांना रबरी. बाजूंचं जुनं रेक्झिन तळावर इंचभर वळून येतं, त्याची कड रापीने उतरवून पातळ केली आणि नवा तुकडा त्यावर चढवला, म्हणजे दोन जाड्या एकावर एक येत नाहीत. मागे आतल्या कोपऱ्यात दोन घड्या एकमेकींवर येतात तिथे ४५ अंशांत दोन्ही एकदम कापून खालची चिंधी काढली.

आणि कडा. पेटीच्या आत जिथे जिथे रेक्झिनची कापलेली कड उघडी राहते, तिथे पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात आणि तो वाळल्यावर शेलॅक (लाखेचं पॉलिश). धाग्याची टोकं बंद झाली पाहिजेत. हे कुठल्याही जुन्या फोटोत दिसणार नाही आणि मूळ कामात नव्हतं, तरी करणारच. पायांच्या भोकांच्या आतही शेलॅक.

निकलचे कोपरे नुसते धुतले. गंज खूप खोल गेलेला एकच, तो मागे खाली. नवे चकचकीत कोपरे मिळतात, पण आठांत एक नवा म्हणजे तोंडात एकच सोन्याचा दात. जुनाच परत लावला.

१ डिसेंबर

जोडणी. माथ्याच्या आतला धातूचा पातळ पडदा जागेवर आहे ना ते पाहिलं. चॅसिसची उघडी बाजू वर असते आणि हा पडदा तिचं झाकण असतो, तो विसरला तर गुणगुण येते. चॅसिसचे स्क्रू एकदम पिळले नाहीत, पट्टीखालचं जुनं रेक्झिन चिरतं.

व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालू केला. सहावी तार खुली, ८२ हर्ट्झच्या आसपासचा सूर, आवाज वाढवत नेला आणि पेटीवर तळवा फिरवला. पूर्वी अंकल म्हणायचे की खालच्या सुरांना काहीतरी खडखडतं आणि स्पीकर गेला असेल. स्पीकर ठणठणीत आहे. सुटलेला सांधा बोलत होता.

रेक्झिनने आवाज बदलतो का, असं लोक विचारतात. माझ्या कानाला नाही. सांधे, बॅफलचे (स्पीकर बसतो त्या फळीचे) स्क्रू आणि मागच्या फळ्या घट्ट असणं याने बदलतो.

७ डिसेंबर

अंकल स्वतः आले, मुलगा गाडी चालवत. मुलाने पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, पण काम काय केलंत?" बिल हातात असताना हा प्रश्न मला आवडतो. तळ उलटा करून दाखवला.

अंकलनी आधी माथ्यावरचा डाग पाहिला, मग गिटार मागितली.

घरी न्यायच्या सूचना कागदावर लिहून दिल्या. जमिनीवर ठेवायचा नाही, सहा इंच तरी उंच लाकडी घोड्यावर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, जुनी सुती चादर टाका. आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवा; व्हॉल्व्हची ऊब पेटीला कोरडं ठेवते. गणपती झाले की मागच्या कडांवरून नख फिरवून बघा, कुठे पोकळ लागलं तर लगेच कळवा. वाळवीने खाल्लेल्या तळाचं मूळ रेक्झिन आणि ठिगळाच्या चिंध्या पाकिटात घालून सोबत दिल्या, पुढे कुणाला दाणा जुळवायचा असेल तर लागतील.

पेटीतला वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा, इथे ५०वर जरा जास्त तापतो. तो आणि फिल्टर कपॅसिटर बघायला अ‍ॅम्प नाताळनंतर कुडाळला जाईल. मित्राला सांगून ठेवलंय की चॅसिस काढताना माथ्यावरचे स्क्रू हातानेच सोडव, मशीन लावू नकोस. तो हो म्हणालाय. तरी त्या दिवशी मी तिथे जाऊन बसणार आहे.